स्कॅनचं मूळ

“थांबा, आधी या शब्दाचं मूळ बघू.”

सरांचा हा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला तो मागच्या बाकावर बसून. आवाजात अशी गोडी, की सगळा वर्ग थांबायचा. ती जरा जास्तच थांबली, आणि लग्न झालं. पोरांनी सरांचं नाव ‘मूळव्याध’ ठेवलंय, हे तिला नंतर कळलं. पटलं त्याहून नंतर.

आता सर निवृत्त होते. मूळ शोधायची हौस तेवढी अजून नोकरीत होती. स्कॅनच्या खोलीत ती निळा झगा घालून उभी. पाठीमागच्या नाड्या बांधायला सर पुढे झाले खरे, पण एक गाठ मारून थबकले.

“डॉक्टर, स्कॅन म्हणजे मूळचं चढणं बरं का! लॅटिन. पायरी पायरीनं. मग कवितेचे चरण मोजणं, लय तपासणं. तुमचं यंत्र फार उशिरा आलं!”

“हो का, काका?” डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली नाही. “काकू, दुखतंय कधीपासून?”

“चार दिवस,” सर म्हणाले.

“पोट काकूंचं आहे ना?”

“आमचं काही वेगळं नाही हो.”

डॉक्टरीणबाईंनी उठून तिचं पोट चाचपलं. “काकू, हाताला गाठ लागतेय. ती किती जुनी, यावर पुढचं सगळं ठरणार. आधी कुणी स्कॅन करायला सांगितलं होतं?”

“छे! मला कळलं नसतं? या शब्दावर तर गेल्या वर्षी लेख लिहिलाय मी. विषय हिनंच काढला. ‘अहो, स्कॅन...’ एवढंच म्हणाली, आणि मी जो सुटलो! हिचा चहा गार झाला. आठवतं ना गं?”

आठवत होतं. तेव्हा ओठांवर आलेलं वाक्य पहिल्याच शब्दाशी अडलं, दारातल्या पाहुण्यासारखं ताटकळलं, आणि कुणी ‘या’ म्हणेना तसं मुकाट परत गेलं. पुन्हा बोलवायचा तिला धीर झाला नाही. लेख गाजला. कौतुकाचे फोन तिनंच उचलले.

“अहो,” ती म्हणाली.

“बोल ना. खरं तर ‘अहो’ हा शब्द...”

“त्या दिवशी मी मूळ विचारत नव्हते. डॉक्टरांनी मला स्कॅन करायला सांगितलं होतं. गाठ तेव्हाच होती.”