माठावरचे एकोणतीस

मागच्या उन्हाळ्यात मीनाबाई सोलापुरातल्या आपल्या पत्र्याच्या घरात चक्कर येऊन पडल्या, ते त्यांच्या लेकाला, यशपालला, दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळलं. तो करमाळ्याला दूध शीतकरण केंद्रावर कामाला. टाकीतलं दूध किती गार आहे ते मोबाईलवर बघणं, हेच त्याचं काम. दूध अर्धा अंश तापलं तर धावणाऱ्या माणसाला सख्खी आई उन्हानं पडलेली कळू नये, हे त्याच्या मनाला फार लागलं.

म्हणून यंदा उन्हं तापायच्या आत त्यानं आईच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली तापमान मोजणारा काडेपेटीएवढा सेन्सर टांगला. सेन्सरचा आकडा आधी इंटरनेटवरच्या क्लाऊडवर जायचा. तिथून तो घरातल्या कूलरच्या बटणाशी जोडायला यशपालचे दोन रविवार गेले. छत्तीसच्या वर गेलं की कूलर आपोआप चालू, हातानं बटण दाबायचं कामच उरलं नाही. चाळीसच्या वर गेलं की यशपालचा फोन बोंबलणार.

फोन रोजच बोंबलू लागला. वर पत्रा तापलेला, कूलर तरी बिचारा काय करणार! यशपाल काम टाकून आईला फोन करी. एकदा तर भर दुपारी एसटी धरून आला आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

मग अचानक घर निवलं. ऐन वैशाखात आकडा एकोणतीस! यशपाल आठवडाभर छाती काढून हिंडला. पण मोबाईलवर हवेतल्या ओलाव्याचाही एक आकडा असतो. तो दिसला सत्त्याण्णव टक्के. सोलापूरच्या वैशाखात एवढा ओलावा म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं. सकाळच्या एसटीनं तो निघाला.

घरात पाऊल टाकलं तर नुसती भट्टी. कूलर बंद. मीनाबाई उंबऱ्यात पदरानं वारा घेत बसलेल्या, आणि सेन्सर माठाच्या ओल्या फडक्यात, तान्ह्या लेकरासारखा गुंडाळलेला.

"आई, ह्यो हितं कसा?"

"फडक्यात गार ऱ्हातंय की त्ये."

"आगं, त्याला गार लागलं की कूलर चालूच व्हत न्हाय!"

"न्हाय तर न्हाय. तुजा फोन तरी गप बसतोय. माज्यापायी नोकरी जायाची तुजी."

यशपालला राग आला आणि रडूही आलं. त्यानं सेन्सर पुसून पुन्हा तसबिरीखाली टांगला. त्रेचाळीस. कूलर घरघरू लागला. मीनाबाई त्या वाऱ्यात डोळे मिटून बसल्या, आणि किती दिवस त्यांनी कळ काढली होती ते त्याला दिसलं.

"असला एक तुज्या खोलीत बी बशीव," त्या म्हणाल्या. "माज्या मोबाईलवर मला बी बघू दे की."

"मला कशाला? माजी खोली लई गार हाय. दुदाच्या शेजारीच."

"व्हय? मग बशीव की."

खोली दुधाच्या शेजारी नव्हती. केंद्राच्या मागं होती, पत्र्याचीच. करमाळ्याला परतल्यावर यशपालनं भिंतीला खिळा ठोकून दुसरा सेन्सर टांगला. बेचाळीस. शेजारी दोरीवर त्याचा ओला टॉवेल वाळत होता. त्या टॉवेलकडं तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं टॉवेल उचलून बाहेर टाकला आणि आकडा आईच्या मोबाईलला जोडून दिला.

मिनिटभरात फोन वाजला.

"यशा," पलीकडून मीनाबाई म्हणाल्या, "माठ तरी हाय का रं खोलीत?"