नसलेल्या चिपांची हजेरी

मी मदरबोर्ड. नावात 'मदर' असली तरी माझ्यात माया शोधू नका. हिरवी पाटी, तिच्यावर तांब्याच्या रेघा आणि काळ्या चिपा, एवढाच मी. तुम्हा माणसांवर माझा राग आहे. तो गिळून गोड बोलणं मला जमायचं नाही.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कळफलकाची चिप बसली, घड्याळाची बसली, सगळ्या जिवंत. मग कॅशची पाळी आली. कॅश म्हणजे चुलीशेजारची फळी समजा. तिखट-मीठ हाताशी असलं की स्वयंपाक करणारीला दर वेळी माळ्यावर चढावं लागत नाही. हिशेब करणाऱ्या प्रोसेसरलाही तशी फळी लागते. माझ्या अंगावर त्या जागी प्लास्टिकची नुसती टरफलं डकवली. बाहेर पाय, पाठीवर छापील नंबर, आत काही नाही. आणि चालू होताना पडद्यावर 'कॅश आहे' असं लिहायचं, हे वाक्य माझ्या तोंडात आधीच कोंबून ठेवलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

पंच्याण्णव साली मानसिंगनं मला बारामतीच्या त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आणलं, पत्र्याच्या डब्यात बसवलं आणि इंदापूरच्या करिमाच्या गळ्यात मारलं. करिमा टायपिंगच्या शिकवण्या घ्यायची. आता तिला लग्नपत्रिका, हँडबिलं कॉम्प्युटरवर करायची होती.

"ताई, आख्ख्या तालुक्यात असलं मशिन न्हाय," मानसिंग म्हणाला. "घोडं हाय घोडं!"

करिमानं मला एसटी स्टँडमागच्या गाळ्यात बसवलं आणि माझ्यासमोर नकोशीला बसवलं. नकोशी पणदऱ्याची. चौथी मुलगी झाली म्हणून आईबापानं नावातच राग काढलेला. इंदापुरात मावशीकडं राहायची. तिच्या हाताखाली टाइपरायटर कसा पळायचा हे करिमा सगळ्यांना सांगत असे.

माझ्यापुढं मात्र ती अडली. तिची बोटं ओळीच्या शेवटाला पोचायची तेव्हा माझं अक्षर अजून मधल्या शब्दात असायचं. पत्रिकेवरचा गणपती जरा डावीकडं सरकवायचा म्हटलं तर तो सोंडेपासून एकेक रेघ पुन्हा उमटायचा. नकोशी हात मांडीवर ठेवून वाट बघायची. दारातून बघणाऱ्याला वाटावं, पोरगी रिकामी बसलीय.

सोमेश्वरनगरच्या महिपतरावांच्या मुलीच्या पत्रिका अशाच रखडल्या. ते स्वतः गाळ्यावर आले आणि उशिरा मिळालेला गठ्ठा दारात आपटला. रस्त्यावरची माणसं थांबली.

"पोरीला हळद लागली! आता काय मांडवात पत्रिका वाटू?"

ते गेल्यावर करिमा नकोशीकडं वळली.

"दिसभर करतीस काय गं तू? पडद्याकडं बघत बसतीस निस्ती!"

"ताई, मशिनच मागं ऱ्हातंय. मी कवाचं सांगतीय तुमाला."

"मशिनला नावं ठिवू नगंस. माझ्या माघारी दुसऱ्यांची कामं वडतीस तू हितं, म्हणून माझी तुंबत्यात. मला काय कळत न्हाय व्हय?"

नकोशी उठली, चपला घातल्या आणि मागं न बघता गेली. करिमानं जे रागात म्हटलं तेच पुढं बाजारात शांतपणे सांगितलं. मग नकोशीला इंदापुरात कुणी टायपिंगला उभं करेना. ती पणदऱ्याला आईकडं गेली आणि म्हशींचं शेण काढू लागली.

मी सगळं ऐकत होतो. पण आमच्या जातीला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. आणि विचारतंय कोण? दसऱ्याला करिमाच्या गिऱ्हाइकांनी मला झेंडूची माळ घातली होती. हात जोडायला तुम्ही पटकन तयार असता.

आता करिमा स्वतः माझ्यासमोर बसू लागली. मी तसाच रखडायचो. ती कळफलकावर बुक्क्या मारायची, स्वतःच्या बोटांना शिव्या द्यायची. माझ्यावर संशय घ्यावा असं तिच्या मनातही आलं नाही.

ईदला तिचा धाकटा भाऊ फारुक आला. तो पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. बहिणीशेजारी बसून त्यानं थोडा वेळ पाहिलं.

"आपा, हे इतकं का रखडतंय?"

त्यानं खिशातून एक फ्लॉपी काढून माझ्यात सारली. चित्रं गेली, काळा पडदा आला, लुकलुकणारी पांढरी रेघ आली. फारुकनं एकच शब्द टाइप केला आणि एंटर मारलं.

त्या फ्लॉपीतला प्रोग्राम माझ्या पढवलेल्या वाक्याकडं गेलाच नाही. तो एकेका चिपेच्या दाराशी गेला आणि कडी वाजवली: तू कोण? प्रोसेसरनं नाव सांगितलं. कळफलकाच्या चिपेनं सांगितलं. घड्याळानं सांगितलं. नावं एकाखाली एक पडद्यावर उतरली. मग तो कॅशच्या दाराशी आला. कडी वाजवली, पुन्हा वाजवली. आत कुणी नव्हतंच.

"कॅश नाही," फारुकनं वाचलं.

"पैसं न्हाईत म्हंतंय?"

"पैसं न्हवं, आपा. ह्या चिपा खोट्या हायत. सुरू हुताना 'आहे' म्हणून येतं ते पढवलेलं. ह्यो फ्लॉपीतला प्रोग्राम सोताच्या डोळ्यांनी बघून आलाय. कुणी बी बसलं तरी हे मशिन असंच चालणार."

करिमानं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "नकोशी खरं बोलत हुती."

ईद सरताच तिनं मला डब्यासकट एसटीत घातलं आणि बारामतीला मानसिंगच्या काउंटरवर आदळलं. फारुक बरोबर होताच. दुकानात गिऱ्हाइकं होती. फारुकनं सगळ्यांसमोर पुन्हा हजेरी घेतली.

"ही फ्लॉपीच खोटी हाय," मानसिंग हसत म्हणाला.

"मग तुझ्या मशिनात घाल की," करिमा म्हणाली.

मानसिंग हलला नाही. फारुकनंच वाकून फ्लॉपी दुकानातल्या मशिनात घातली. तिथं कॅशनं ताबडतोब ओ दिली.

हसू मावळलं. फारुकनं मला डब्यातून उपसलं आणि पकडीनं माझी एक चिप फोडली. सुपारीसारखा आवाज झाला. आत नुसतं काळं प्लास्टिक. एक गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं.

"ताई, दुसरा बोर्ड बसवून देतो," मानसिंग खालच्या आवाजात म्हणाला. "पर दुकानात बोंब नगं."

"दुसरा तर घेणारच. आन बोंब बी मारणार. आणि तू माझ्यासंगं पणदऱ्याला चल. त्या पोरीला तुझ्या तोंडानं सांग, तिची चूक नव्हती म्हणून."

"मी मशिन इकलं, ताई. पोरीला तुमी हाकललं. तुमचं तुमी निस्तरा."

मानसिंग लबाड होता, पण एवढं एक वाक्य तो खरं बोलला. करिमाला ते लागलं. तिनं नवा बोर्ड बसवून घेतला, डबा फारुकबरोबर इंदापूरला धाडला आणि मला पिशवीत घालून ती एकटीच पणदऱ्याच्या गाडीत बसली.

नकोशी गोठ्यात होती. करिमानं मला तिच्यापुढं धरलं, फुटलेली चिप दाखवली, फ्लॉपीची सगळी हकिकत सांगितली.

"हे बघ, हितं काय न्हाईच. तू म्हणत हुतीस तेच खरं. चल माघारी, नकोशी."

नकोशीनं हातातली शेणाची पाटी खाली ठेवली.

"मशिनला चार-चारदा इचारलंसा," ती म्हणाली. "त्याच्या एकेका तुकड्याला इचारलंसा, तू कोण, आत हायस का म्हणून. मला एकदा तरी इचारलं का?"

करिमानं मला धरलेला हात खाली घेतला.

"माझ्या मावशीच्या दारात बाया चोरटी म्हणत्यात मला. त्यांच्याम्होरं फ्लॉपी घालणार हाय का तुमी?"

"मी सांगीन. बाजारात उभी राहून सांगीन."

"सांगा. पर मी येणार न्हाय." तिनं माझ्याकडं हात केला. "ह्यो ठिवून जावा."

करिमानं मला ठेवलं आणि ती गेली. बाजारात तिनं खरंच सांगितलं, ज्यांना आधी वाईट सांगितलं होतं त्या प्रत्येकाच्या दुकानात जाऊन. काहींनी ऐकलं. काही म्हणाले, असंल बाई, तुमचं तुमाला ठाऊक.

नकोशीनं मला गोठ्याच्या भिंतीला खिळ्यावर टांगलं. पुढं गावात दूध संस्थेनं कॉम्प्युटर घेतला आणि ती तिथं लागली. मी मात्र इथंच आहे. माझ्या रेघांवर हिरवी बुरशी चढलीय, चिमण्या माझ्यावर बसून घाण करतात.

मध्यंतरी करिमा पुन्हा आली होती. नकोशीनं चहा दिला, पण शेजारी बसली नाही, दाराला टेकून उभी राहिली. करिमाची नजर भिंतीवर गेली.

"अजून ठिवलायस व्हय ह्यो?"

"व्हय. तुमी आला की दिसावा म्हणून."

करिमानं चहा संपवला, कपबशी स्वतः विसळली आणि निघून गेली.

मला दया नको. दुरुस्त करायलाही कुणी येऊ नका. एकच मागणं आहे. नकोशी म्हणत नाही तोवर मला या खिळ्यावरून कुणी उतरवू नका.