पासाशिवाय घर

ज्योतीरामाचं नाटक म्हटलं की रहाटणीची माणसं आधी पोट धरून हसत आणि मग एकमेकांना विचारत, "पण म्हणजे झालं काय?" गेल्या गणपतीत या गड्याने सरपंचाचं लग्न खुर्चीशी लावलं होतं. चांगला अंतरपाट धरून, अक्षता टाकून! त्याची आई कौशल्याबाई पहिल्या मंगलाष्टकेलाच उठून गेली. "ह्ये कसलं रं येड्यागत?" एवढंच म्हणाली.

यंदा, छप्पन साली, त्याने मनाशी गाठच मारली. गाव हसो नाहीतर शिव्या देवो, आई शेवटपर्यंत बसली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी पिंपरीच्या शिवारातलं त्यांचं घर एका कंपनीच्या कुंपणात गेलं. मायलेक रहाटणीला मामाकडे आले, आणि तेव्हापासून आईने त्या घराचं नाव काढलं नव्हतं. रडली असती तरी बरं, असं ज्योतीरामाला वाटे.

नाटक साधंच होतं. माणूस घरी येतो, तर दारात वॉचमन! "पास दाखव." पास घरातल्या ट्रंकेत. तो आणायला आत जायचं, तर पास हवा. शेवटी वॉचमन वैतागून स्वतःचाच पास त्याला देतो आणि आपण जन्माचा बाहेर अडकतो.

रातपाळीवाल्यांसाठी खेळ दुपारी चारला, मारुतीच्या देवळापुढे. घरधनी झाला सायकलवाला करीम. वॉचमन झाला दत्तोबा, आणि तो कंपनीतला खराखुरा वॉचमन. इथेच घोडं अडलं. तालमीत मुकाट्याने पास देणारा दत्तोबा अंगावर खाकी चढताच बदलला.

"माझा पास? न्हाई देणार. रूल हाय."

"अहो दत्तोबा, नाटक आहे," करीम कुजबुजला.

"असंल. पास न्हाई तर आत न्हाई."

लोक खदखदा हसले. पडद्याची दोरी धरून उभ्या ज्योतीरामाला घाम फुटला. तेवढ्यात आई उठलेली दिसली. गेली! संपलं सगळं, त्याच्या मनात आलं.

पण कौशल्याबाई शेजारच्या घरातून भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन परतली, ती थेट रंगमंचावर. "कवाधरनं पोरगं दारात उभं हाय, दिसत न्हाई व्हय?" तिने करीमवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या पायांवर पाणी घातलं. दत्तोबाने आधी तांब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि गुपचूप बाजूला सरला.

ती आत गेली. आत होत्या नुसत्या फळ्या. डावीकडच्या कोपऱ्यात बसून तिने तळहाताने जमीन पुसली. "हितं चूल व्हती," म्हणाली, आणि दोन वर्षांचं सगळं रडली. कुणी हसलं नाही. ज्योतीरामाचेही डोळे वाहत होते, दोरी तशीच हातात.

घरी जाताना तो तिच्या 'ह्ये कसलं रं येड्यागत?'ची वाट पाहत होता. तिने वेगळंच विचारलं.

"उद्या परत हाय का रं खेळ?"

खेळ एकच ठरला होता.

"हाय की, आई."

"मग सरपण घिऊन येते. चूल कवाची गार पडलीय."