पंधरावं नाव

डोंगरातल्या त्या गावच्या लॅटिन-ग्रीकच्या शाळेत यंदा पहिल्या वर्षाच्या वर्गाला चौदाच नावं आली होती. पंधरावं आलं तर वर्ग भरणार, नाहीतर नाही. आणि एकदा खालचा वर्ग तुटला की वरचे वर्ग एकेका वर्षानं रिकामे होत जाणार. एकतीस वर्षं ग्रीक शिकवणाऱ्या एरसिलियाबाईंना हे कुणी सांगायला नको होतं.

नावं घेणं बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी पालक मुलांना घेऊन शाळा बघायला आले.

"एरसिलिया, आज जरा हस हं," गणिताचा ओरेस्ते दारातूनच म्हणाला. "पोरं पळतात तुला बघून."

"तुझं गणित बघून पळतात, मेल्या."

पंधरावी होईल अशी एकच होती, नोएमी. चीज विकणाऱ्या सबीनाची लेक. नमुन्याच्या तासाला म्हातारीची नि विहिरीची चार ओळींची लॅटिन गोष्ट दिली होती, शेजारी शब्दांचे अर्थ. नोएमी जीभ दातांत धरून तिचं भाषांतर लिहीत राहिली. मान वर नाही, इकडे तिकडे बघणं नाही. बाईंना वाटलं, हीच ती, ही येणार.

कागद हाती आला. बाईंनी दुतोंडी पेन्सिल उचलली. बारीक चुकीला लाल टोक, मोठीला निळं. हात आपला चालला, जसा रोज चालतो. निळी रेघ, निळी रेघ, पुन्हा निळी. खाली दहापैकी चार.

मग त्यांना कळलं आपण काय केलं ते.

"आत्ताच चार?" सबीना म्हणाली. "बाई, अजून नावसुद्धा घातलं नाही हो पोरीचं."

"अगं, पहिल्या दिवशी चार म्हणजे पुष्कळ! मला दोन मिळाले होते. खरंच," बाई हसून म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. नोएमीनं कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली. "आई, चल ना," एवढंच म्हणाली.

सोमवारी रात्री आठला नावं घेणं बंद झालं. चौदा.

मंगळवारी बाईंनी त्या चौदांच्या एकेका घरी फोन लावला, वर्ग भरणार नाही हे सांगायला. लुचिल्लाच्या घरी तिनंच उचलला.

"बाई, तुम्ही? मी ग्रीक अक्षरं पाठ केलीत सगळी! म्हणू?"

बाईंना थांबवता आलं नाही. पोर म्हणत गेली, मधेच अडखळली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. बाईंनी शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकलं.

"छान गं," त्या म्हणाल्या. "आता आईला दे फोन."