तुळईवरची काच

माझा धाकटा भाऊ पूल बांधायचा. चांगला पगार, साहेब म्हणून मान. सगळ्यावर पाणी सोडून फादर झाला. मी डोकं आपटून घेतलं, पण ऐकेल तर शपथ. पुढे सीमेपलीकडून पळून आलेली माणसं घेऊन तो एका जुन्या गोदामात राहायला लागला आणि मी, कुठे जाते, त्याच्या मागे स्वयंपाक करायला.

माणसं वरच्या मजल्यावर झोपायची. जिन्याजवळच्या तुळईला तडा होता. भावाने त्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवली. तडा वाढला की काच फुटते, त्याच्या कामातली जुनी रीत. मला समजावलं, वरच्यांना काही सांगितलं नाही. "उगाच धास्तावतील, ताई."

एका सकाळी काच फुटलेली दिसली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"टेकू लाव आणि गप्प बस," मी म्हणाले. हे गोदाम गेलं तर माणसांना परत धाडायचं, असा सरकारी हुकूमच होता.

"टेकू उभा कशावर करू? खालची जमीन पोकळ आहे. मजला कोसळला तर?"

"आणि तिकडे काय यांच्यासाठी पायघड्या घातल्यात?"

त्याने सरकारला लेखी कळवलं. माणसं जिवंत राहावीत म्हणूनच कळवलं, हे मलाही समजत होतं. तरी दोन दिवस मी त्याला धड जेवायला वाढलं नाही.

बस आली. वरच्या मजल्यावरची शिंपीण, जिच्या नवऱ्याला तिकडे दारातच गोळी घातली होती, मुलीला कडेवर घेऊन सगळ्यांच्या शेवटी जिना उतरली. भावापाशी थांबली.

"फादर, सांगायचं धाडस होत नव्हतं. तुम्ही लावलेल्या त्या काचेला आम्ही रोज हात लावून प्रार्थना करायचो. त्या रात्री पोरगी तापाने फणफणली होती, म्हणून मी कपाळ टेकलं. जरा जोरात टेकलं गेलं. देवाची वस्तू फोडली, म्हणूनच हे झालं ना?"

भाऊ बसबरोबर आलेल्या अधिकाऱ्याकडे धावला. तडा वाढलेला नाही, थांबा, मी पुन्हा तपासतो, असं सांगत राहिला. अधिकारी वाईट माणूस नव्हता. "फादर, अहवालावर सही तुमची आहे," एवढंच म्हणाला. भाऊ बसच्या दारात आडवा उभा राहिला, तर शिपायाने त्याला खुर्ची सरकवावी तसं बाजूला केलं. मी शिपायाच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्याचा काय उपयोग!

शिंपीण खिडकीशी बसली होती. भाऊ खिडकीखाली जाऊन उभा राहिला.

"ती नुसती काच होती, बाई. चूक माझी आहे. तुझी नाही."

"असं बोलू नका, फादर," ती त्यालाच समजावत म्हणाली. "तुमच्या हातून चूक कशी होईल?"

आणि आशीर्वादासाठी तिने पोरीचं डोकं खिडकीबाहेर काढलं. त्याने त्यावर हात ठेवला. इंजिन सुरू झालं तेव्हा तो बसबरोबर चालू लागला, मग पळू लागला, हात तसाच पुढे धरून. मीच त्याला ओढून मागे घेतलं.