फुसाएची नाडी

फुसाएच्या मनगटात नाडी लागत नसे. तरुणपणीच रक्ताच्या मोठ्या नळ्यांना सूज येऊन हातांकडे जाणारी वाट चिंचोळी झाली होती. नवं लग्न झालेला कियोहारू तिचं मनगट धरून विचारायचा, "मेलीस की काय गं?"

"मेले असते तर तुम्हाला भात कोणी रांधून घातला असता?" ती म्हणायची. जन्मभर हाच विनोद, पण दोघांना दर वेळी हसू यायचं.

साठीनंतर त्या सुजेनं हृदयाची झडपही निकामी केली. सुजलेल्या जागी टाके धरत नाहीत, म्हणून छाती न उघडता मांडीतून नळी घालून नवी झडप बसवायची ठरलं. कानाझावाच्या डॉक्टरांनी बजावलं, "आधी सूज शांत हवी. मान दुखली, अंगात कसर आली तर लगेच सांगा. आपण पुढे ढकलू."

ऐन वेळी मान दुखू लागली. औषधांमुळे रक्ताच्या तपासणीत काहीच दिसेना.

"मी सांगतो डॉक्टरांना," कियोहारू म्हणाला.

"खबरदार! सुनेनं रजा काढलीय, एवढी माणसं माझ्यासाठी खोळंबलीत. सोसतंय मला."

त्रास सोसावा, कुणाला देऊ नये, हे दोघांच्याही हाडीमाशी भिनलेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती कमरेत वाकून म्हणाली, "काही त्रास नाही." शेजारी तोही वाकला. असल्या शहाणपणाला काय म्हणावं!

झडप बसली, पण सुजेत पकड धरेना. कडेनं रक्त मागे झिरपू लागलं. सूज उतरेपर्यंत दुसरी बसवता येत नव्हती. डॉक्टर रागावले नाहीत, हेच कियोहारूला जास्त लागलं. फुसाएनं मात्र सगळ्यांची माफी मागितली.

ती घरी आली. एका दुपारी लोणच्याचे मुळे तो ओसरीत वाळत बांधत होता, ती उशीला टेकून बघत होती.

"इतके जवळ नका बांधू. वारा कसा लागेल?"

"जिभेला काही झालं नाही हो तुझ्या!" तो हसून शेजारी बसला, तिचं मनगट हातात घेतलं. "तेव्हा मी बोलायला हवं होतं गं. माझं चुकलं."

तिची मान उशीवर कलली होती. डोळा लागला असेल, असं समजून तो पुन्हा मुळ्यांकडे वळला आणि या वेळी अंतर ठेवून बांधू लागला.

सून मिहो चहा घेऊन आली. सासूजवळ वाकली, तिच्या मानेवर बोटं टेकवली आणि तिथेच बसली.

"बाबा... आईंची नाडी लागत नाहीये."

"तिची कधी लागते?" कियोहारू म्हणाला आणि त्यानं पुढचा मुळा उचलला.