खलातली खडीसाखर

मित्रांनो, काळ्या दगडाचा मी एक जुना खल आहे. पाथरवटाने टाकीचे घाव घालून माझे पोट कोरले, तेव्हा मी पुष्कळ कुरकुर केली. पण पहिली लवंग माझ्यात कुटली गेली, तिचा वास माझ्या अंगाअंगात भरला आणि सगळे घाव मी विसरलो.

उज्जैनला रामघाटाजवळच्या एका दुकानातून भय्यासाहेबांनी मला माधव नगरातल्या आपल्या घरी आणले. ते शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवत. दर रविवारी, घरात पोह्यांची फोडणी पडायच्या आत, ते माझ्यात दंतमंजन कुटत. बाभळीची साल, कडुनिंबाची साल आणि चार लवंगा. मग ती भुकटी मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळत, कारण जाडसर राहिली तर ती दात खरवडते.

"झाडं कीड लागू नये म्हणून स्वतःसाठी हे कडू-तुरट रस बनवतात," ते म्हणत. "आपण त्यांच्याकडून थोडे मागून घेतो, बस."

शेजारीपाजारी पुड्या बांधून मंजन न्यायचे. मी मनातल्या मनात फुगून जायचो. का नाही फुगणार? काम माझेच होते!

मग घरोघरी केबल आली आणि टीव्हीवर रंगीत पेस्टचा फेस दिसू लागला. भय्यासाहेबांची नात अपूर्वा तेव्हा सहा वर्षांची होती.

"आजोबा, तुमच्या मंजनाने जीभ जळते. शेजारच्या ऋचाची पेस्ट तर स्ट्रॉबेरीवाली आहे!"

तिची आई कल्पना हसून म्हणाली, "बाबा, तुमची घरचीच विद्यार्थिनी पळून चाललीय बरं का!"

भय्यासाहेबही हसले, पण त्यांना ते लागले. पुढच्या रविवारी त्यांनी देवघरातल्या डब्यातून मूठभर खडीसाखर आणली आणि साल, लवंगेबरोबर माझ्यातच कुटली. "बच्ची है, थोडी गोडी हवीच," असे स्वतःशी पुटपुटले. कुणाला काही सांगितले नाही.

मला मात्र कळले होते. पण दगड बोलणार कसा?

अपूर्वा खूश झाली. आता ती दिवसातून तीनदा मंजन मागायची. झोपतानाही बोटावर घेऊन चाटायची आणि चूळ न भरताच झोपून जायची. "देखा? आवडायला लागलं!" भय्यासाहेब ऐटीत सांगत.

काही महिन्यांनी वेणी घालताना अपूर्वाने मोठी जांभई दिली आणि कल्पनाचा हात थांबला. नव्याने आलेल्या मागच्या दाढेवर तपकिरी डाग होता.

टावर चौकातल्या दाताच्या डॉक्टर मंगलाताईंनी दाढ तपासली. "ही दुधाची नाही. ही गेली तर दुसरी येत नाही. अजून खड्डा पडलेला नाही, डागच आहे. तीन महिने बघू. वाढला तर मशीन लावून कीड कोरावी लागेल."

कल्पनाला मंजनाचाच संशय आला आणि घरी येताच तिने त्याची डबी रिकामी केली. मला मागच्या ओट्यावर ठेवले. तिथे मी धूळ खात पडलो, पण मला माझी काळजी नव्हती. त्या एवढ्याशा दाढेची होती.

आठवड्याने अपूर्वा ओट्यावरून ओरडली, "आई, देख ना! चींटियां आजोबांच्या मंजनाने दात घासतायत!"

माझ्या पोटातल्या बारीक खळग्यांत साखर अडकून राहिली होती. तिच्यासाठी मुंग्यांची रांग लागली होती. कल्पनाने बोट फिरवले, जिभेला लावले आणि हळूच विचारले, "बाबा, कडुनिंबाला मुंग्या लागतात का?"

भय्यासाहेब वाकून माझ्यातल्या मुंग्यांकडे बघू लागले. मग म्हणाले, "चूक झाली, कल्पना. आयुष्यभर मुलांना सांगत आलो, कडूपणा ही झाडाची ताकद आहे. आणि घरच्या पोरीपासून तोच लपवला."

"मला सांगायचं तरी, बाबा. मी काय परकी आहे?"

दुसऱ्या दिवशी मंगलाताईंना भय्यासाहेबांनी स्वतःच सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "मास्टरसाहब, तुम्ही तर रोज जंतूंना पंगत वाढलीत! झाडांचा गुण खरा आहे, पण तो मदतीपुरता. रात्री पेस्ट आणि ब्रश, त्यानंतर गोड बंद. सकाळी तुमचं मंजन चालेल, बारीक आणि बिनसाखरेचं."

कल्पनाने मला कढत पाण्याने तीनदा घासले. त्या रविवारी बत्ता अपूर्वाच्या हातात होता आणि भय्यासाहेब तिच्याशेजारी बसले होते. दोघांनी एकदमच बोट दातांना लावले.

"छी!" अपूर्वाने तोंड वाकडे केले.

"छी तर छी," आजोबा म्हणाले. "दोघं मिळून छी करू."

पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "आजोबा, आज कमी कडू आहे."

"तेवढंच आहे, बेटा."

तीन महिन्यांनी मंगलाताईंनी आरसा घालून दाढ पाहिली. डाग जिथला तिथेच होता, तसूभरही वाढला नव्हता. मशीन लागली नाही. ही बातमी अपूर्वाने घरी येऊन सगळ्यांत आधी मला सांगितली, माझ्या पोटात तोंड घालून, मोठ्याने!

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला वापरण्याआधी धुवा आणि वापरून झाल्यावरही धुवा. कडू काही लेकराला द्यायचे असेल तर त्यात साखर लपवू नका. त्याच्याशेजारी बसून थोडे आपणही चाखा. अपूर्वाची ती दाढ आजही जागेवर आहे. रविवारी पोह्यांबरोबरची जलेबी ती त्याच दाढेने चावते आणि मग, कुणी न सांगता, उठून चूळ भरते.